अटॅकनंतर पंपिंग ३० टक्के: कॅल्क्युलेटरचा आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे, सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात जॉबर. तीन आठवड्यांपूर्वी रात्री छातीत जळजळ झाली, ॲसिडिटी समजून सोडा घेऊन झोपले, सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा हृदयाच्या पुढच्या भागाचा मोठा अटॅक निघाला. एक स्टेंट टाकला. डिस्चार्ज कार्डवर इएफ (हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते, म्हणजेच 'पंपिंग') ३० टक्के, किलिप २, बीपी १०४/७०, नाडी ९६, क्रिएटिनिन १.३, हिमोग्लोबिन १०.२, बीएमआय २२. शुगर जुनी, बिडी चालू होती. दोन खोल्यांतल्या घरात इकडून तिकडे गेलं तरी दम लागतो. मुलीने ही माहिती दोन ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरली, तर एकाचा धोका दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आला. खरा कोणता? आणि घरात चर्चा आहे की बाबांच्या डोळ्यांदेखत धाकट्या भावाचं लग्न येत्या पंधरा दिवसांत उरकून घ्यावं का?

ताई, सोलापुरात बरीच वर्षं हृदयरुग्ण तपासतोय, त्यावरून सांगतो. दोन कॅल्क्युलेटरचं उत्तर वेगळं आलं कारण त्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. तुम्ही लिहिलेल्या रकान्यांवरून पहिला ग्रेस दिसतो. तो अटॅकच्या रुग्णासाठी आहे. वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन, किलिपची पायरी, दाखल होताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला बदल आणि हृदयाला इजा झाल्यावर रक्तात येणारी ट्रोपोनिनसारखी द्रव्यं वाढली का, अशा आठ गोष्टींवरून तो दवाखान्यातला आणि पुढच्या काही महिन्यांचा धोका सांगतो. दुसरा मॅजिक. तो हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही अशा, सर्वसाधारण रुग्णांसाठी आहे. ३० अभ्यासांतले ३९,३७२ रुग्ण एकत्र करून २०१३ साली तो प्रसिद्ध झाला, आणि एक व तीन वर्षांचा अंदाज देतो. तुमचे वडील आत्ता या दोन्हींच्या सीमेवर आहेत. अटॅक ताजा आहे आणि हार्ट फेल्युअर नुकतंच सुरू झालंय. सहा महिन्यांचा आकडा आणि तीन वर्षांचा आकडा शेजारी ठेवले तर ते वेगळे दिसणारच.

आता किलिप. हा शब्द डिस्चार्ज कार्डवर असतो आणि नातेवाइकांना कोणी सांगत नाही. १९६७ साली किलिप आणि किंबॉल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अटॅकच्या २५० रुग्णांना फक्त स्टेथोस्कोप आणि डोळे वापरून चार पायऱ्यांत बसवलं. फुफ्फुस स्वच्छ असेल तर पहिली, तळाशी करकर ऐकू आली तर दुसरी, फुफ्फुसं पाण्याने भरली तर तिसरी, बीपी कोसळून हातपाय गार पडले तर चौथी. त्या काळी दवाखान्यातच दगावण्याचं प्रमाण या क्रमाने ६, १७, ३८ आणि ८१ टक्के होतं. तेव्हा ना स्टेंट होता, ना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रुळलं होतं. आज हे आकडे पुष्कळ खाली आलेत, पण पायऱ्यांचा क्रम जसाच्या तसा टिकलाय. वडिलांची दुसरी पायरी होती, म्हणजे अटॅकच्या वेळीच हृदयावर ताण आला होता. अटॅकच्या रुग्णांत अशा लोकांकडे आम्ही जास्त लक्ष ठेवतो, मग पुढे इएफ काहीही येवो.

इएफवर मात्र घरोघरी गरजेपेक्षा जास्त जीव टांगलेला असतो. 'पंपिंग ३० टक्के' ऐकलं की लोकांना वाटतं हृदयाचा सत्तर टक्के भाग मेला. निरोगी माणसाचाही इएफ शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. अटॅकनंतर लगेच केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दोन प्रकारचे स्नायू हलत नाहीत. एक, जे कायमचे गेले. दुसरे, जे जिवंत आहेत पण रक्त बराच वेळ अडल्यामुळे सुन्न झालेत. स्टेंटने रक्त सुरू झालं की हे सुन्न स्नायू काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुन्हा काम करायला लागतात. पहिल्या आठवड्यातला इको पाहून यातला कोणता किती, हे ठरवता येत नाही. शिवाय इएफ मोजण्यातच चार-पाच टक्क्यांची खालीवर असते. एक डॉक्टर नजरेने अंदाज घेतो, दुसरा सिम्प्सन पद्धतीने रेघ मारून मोजतो, खाटेवर दमलेल्या माणसाचं हृदय मशीनवर नीट दिसत नाही. ३० चा ३३ झाला म्हणून पेढे वाटू नका, २८ झाला म्हणून रडू नका.

आता मॅजिकची बेरीज तुमच्यासमोरच करतो. त्याआधी एक बघा. आपल्याकडे क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये येतं, तर हे कॅल्क्युलेटर बऱ्याचदा मायक्रोमोलमध्ये मागतात. १.३ ला ८८.४ ने गुणलं की ११५ येतं. त्या रकान्यात थेट १.३ टाकलं तर मूत्रपिंड ठणठणीत धरलं जातं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. तुमच्या दोन आकड्यांतला काही फरक इथूनही आला असेल.

तर गुण. इएफ ३० ते ३४ ला ३. या इएफला ५८ वयाचे २. बीपी ११० च्या खाली म्हणून ३. बीएमआय २२ ला ३, कारण हार्ट फेल्युअरमध्ये बारीक माणसाचा धोका जास्त निघतो, ऐकायला उलटं वाटलं तरी. क्रिएटिनिनचे २. पुरुष म्हणून १, बिडीचा १, मधुमेहाचे ३. घरातल्या घरात दम, म्हणजे दमाच्या चार पायऱ्यांतल्या (या किलिपच्या नव्हेत, वेगळ्या) तिसऱ्या पायरीचा, त्याचे ६. बीटा ब्लॉकर (नाडी आणि हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी) चालू नाही म्हणून ३, आणि एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली (रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार हलका करणारी) गोळी नाही म्हणून १. एकूण २८.

याच बेरजेत तीन महिन्यांनंतरचं चित्र घाला. समजा इएफ ३८ झाला. त्याने गुण कमी होतो फक्त एक. दम तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्यावर आला, म्हणजे एक जिना चढल्यावरच लागायला लागला, तर कमी होतात चार. बीटा ब्लॉकर सुरू झाला, तीन. दुसरी गोळी सुरू झाली, एक. बिडी सुटली, एक. २८ चे १८ झाले, आणि त्या दहांत इएफचा वाटा एकच होता. तुम्ही मात्र सगळं घर त्या एका आकड्याभोवती बसवून ठेवलंय. मला या प्रश्नावर एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही: आजचा आकडा हा वडिलांबद्दलचा सही-शिक्का झालेला निकाल नाही. त्यातला मोठा हिस्सा येत्या दहा-बारा आठवड्यांत हलणारा आहे.

इथे मलाच माझ्या बेरजेला आळा घालावा लागेल. 'बीटा ब्लॉकर नसेल तर ३ गुण' याचा अर्थ गोळी घेतली की तेवढाच धोका गेला, असा नाही. ज्यांना ती गोळी झेपत नाही ते बहुतेक वेळा आधीच जास्त आजारी असतात, आणि कॅल्क्युलेटर तेवढंच टिपतो. गोळीने खरोखर किती फरक पडतो हे चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या चाचण्याच सांगतात. अटॅकनंतर इएफ ४० किंवा कमी असलेल्या रुग्णांवर कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकरची कॅप्रिकॉर्न चाचणी २००१ साली आली. साधारण सव्वा वर्षाच्या काळात गोळी न मिळालेल्यांत १५ टक्के दगावले, मिळालेल्यांत १२ टक्के. त्याआधी १९९२ च्या सेव्ह चाचणीत कॅप्टोप्रिल या एसीई इनहिबिटरने मृत्यू १९ टक्क्यांनी घटले होते. २००३ च्या एफेसस चाचणीत एप्लेरेनोन या तिसऱ्या जातीच्या गोळीने आणखी १५ टक्के घट दिसली, तीही बाकीची औषधं चालू असताना. नव्या औषधांचा गवगवा जास्त आहे, पण अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यांत या जुन्या, स्वस्त गोळ्यांचा पुरावा जास्त भक्कम आहे. एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळीची २०२४ ची चाचणी घ्या. अटॅकनंतर मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती यांच्या एकत्रित हिशेबात फरक सिद्ध झाला नाही, भरती तेवढी कमी दिसली. हार्ट फेल्युअर मुरलं की आणि मधुमेहातही तिचं काम आहेच, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी दिली तर हरकत घेऊ नका.

तुमच्या औषधांच्या फोटोत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी आणि पाण्याची (लघवीवाटे पाणी काढणारी) गोळी दिसते. बीटा ब्लॉकर नाही, रामिप्रिल (एसीई इनहिबिटर) किंवा त्याच्या भावंडांपैकी काही नाही. फुफ्फुसात पाणी होतं आणि बीपी कमी होतं तेव्हा थांबणं बरोबरच होतं. पण आता तीन आठवडे झालेत. '१०४ म्हणजे बीपी लो' हे आपल्याकडचं मोठं भय आहे. चक्कर नाही, लघवी नीट होते, हातपाय गरम आहेत, तर हार्ट फेल्युअरच्या माणसाला १०४ चालतं. अगदी कमी डोसपासून सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत जायचं असतं. हे तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात जाऊन विचारा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. गोळ्या स्वतःहून सुरू किंवा बंद करायच्या नाहीत. आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी तर दात काढायचा असला तरी कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही.

नाडी ९६ हीसुद्धा मला खटकते. ग्रेसमध्ये ती आहे, मॅजिकमध्ये नाही, आणि घरी कोणी मोजत नाही. बसल्या जागी नाडी सतत नव्वदीच्या वर असेल तर कारण शोधावं लागतं. वडिलांच्या बाबतीत एक कारण कागदावरच आहे, हिमोग्लोबिन १०.२. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना रक्त कमी असणं म्हणजे पोटातून कुठे झिरपतंय का हे बघायला हवं. शौचाला काळं होतं का, विचारा. लाजून सांगत नाहीत ही माणसं. आयर्न आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

वेळेचं गणित आता नीट समजून घ्या, कारण लग्नाचा प्रश्न त्यातच आहे. अटॅकनंतरचा धोका सगळे महिने सारखा वाटलेला नसतो. व्हॅलियंट या चाचणीत अटॅकनंतर हृदय कमकुवत झालेले चौदा हजारांहून जास्त रुग्ण होते. अचानक मृत्यूचं प्रमाण पहिल्या ३० दिवसांत महिन्याला १.४ टक्के होतं, दोन वर्षांनंतर ते महिन्याला ०.१४ टक्क्यांवर आलं. दहापट फरक. मग लगेच शॉक देणारं मशीन, आयसीडी, का बसवत नाहीत? हा प्रश्न प्रत्येक घरातला शिकलेला मुलगा विचारतोच. २००४ च्या डायनामिट चाचणीत अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत मशीन बसवून पाहिलं. ठोके बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा अटॅक येणं किंवा हृदयाची भिंत फाटणं हीही अचानक मृत्यूची मोठी कारणं असतात, आणि त्यावर शॉकचा उपयोग नाही. म्हणून नियम असा: अटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर साधारण ९० दिवस पूर्ण औषधं देऊन मग इको. तेव्हाही दम असताना इएफ ३५ किंवा कमी असेल, किंवा दम नसूनही ३० किंवा कमी असेल, तर मशीनचा विचार.

लग्न पंधरा दिवसांत नको. माझं स्पष्ट मत. धोक्याचा काळ तोच, औषधांचे डोस वाढवायचा काळ तोच, आणि आपल्याकडच्या लग्नात जागरण, उन्हातली वरात, पंगतीतलं मीठ आणि 'आज गोळ्या राहू द्या' हे ठरलेलंच. तिसऱ्या महिन्याचा इको झाल्यावर तारीख काढा. तेव्हा वडील मांडवात जास्त वेळ बसू शकतील अशी शक्यता चांगली आहे. घाईच्या लग्नाने एक आणखी होतं. वडिलांना न सांगताच कळतं की आपल्याकडे वेळ नाही. १९९३ साली माँट्रियलमध्ये अटॅकनंतरच्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांत सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी पटींनी जास्त निघाले. हा रकाना तुमच्या दोन्ही कॅल्क्युलेटरमध्ये नाही. वडील गप्प बसत असतील, जेवण टाकत असतील, पहाटे जागे राहत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

परदेशी आकडे आपल्याला लागू होतात का? अर्धवट. या स्कोअरना दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, जास्त धोक्याचा रुग्ण आणि कमी धोक्याचा रुग्ण यांचा क्रम बरोबर लावतात का. तिथे मॅजिक बऱ्यापैकी उतरतो, स्वीडनच्या मोठ्या नोंदीत त्याला १ पैकी ०.७४ च्या आसपास गुण मिळाले, जिथे ०.५ म्हणजे छापा-काटा. दुसरी परीक्षा कठीण असते. 'वीस टक्के' म्हटलेल्या शंभर जणांतले खरोखर वीस जातात का? इथे देश बदलला की गाडी घसरते. भारतात राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत ५३ रुग्णालयांतले सुमारे १०,८५० दाखल रुग्ण होते, सरासरी वय साठच्या आत, आणि जवळपास ७२ टक्क्यांचं कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. ९० दिवसांत सुमारे १४ टक्के दगावले. आवश्यक ती सगळी औषधं निम्म्याहून कमी जणांना मिळत होती. आपले रुग्ण तरुण वयात येतात आणि उशिरा येतात. २००८ च्या क्रिएट नोंदीत छातीत दुखू लागल्यापासून दवाखान्यापर्यंत पोचायला मधला रुग्ण सहा तास घेत होता. म्हणून क्रम लावायला हे स्कोअर मी वापरतो, टक्के मात्र रुग्णाच्या घरी पाठवत नाही. संगणकाला शेकडो रकाने शिकवून केलेली नवी मॉडेलं येताहेत. पहिल्या परीक्षेत ती थोडी पुढे जातात, दुसऱ्या परीक्षेत तीही अडखळतात.

सोलापूरचं म्हणून काही सांगतो, हे कोणत्याच मॉडेलमध्ये सापडणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मागाच्या शेडमध्ये त्याहून वाईट. घाम जातो, वर पाण्याची गोळी चालूच. मग माणूस चक्कर येऊन पडतो, क्रिएटिनिन १.३ चं २ होतं, आणि घाबरून चांगल्या गोळ्याही बंद केल्या जातात. उन्हाळ्यात पाण्याच्या गोळीचा डोस बऱ्याच जणांना कमी करावा लागतो, त्यासाठी फोन करून विचारा. मिठाचं बोलायचं तर शेंगा चटणी, खरडा, लोणचं, पापड हे कडक भाकरीबरोबर रोज चिमूट-चिमूट म्हणत बरंच जातं. चटणी घरी बिनमिठाची कुटा, लसूण आणि तिखट वाढवा, चालते. बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल, एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांच्या जोडीला ते हृदय थांबवण्याइतकं वाढू शकतं. ही औषधं सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं ते याचसाठी. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणायची नाही, ती मूत्रपिंडावर जाते आणि अंगात पाणी साठवते. बिडीबद्दल वेगळं सांगत नाही. ज्या घरात बिड्या वळायचं काम आहे, त्या घरात ती सोडणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. तरीही सोडायचीच.

सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं, पायावर बोट दाबून खळगा पडला, रात्री उशी वाढवावी लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक शुद्ध हरपली किंवा छातीत पुन्हा दुखलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा.

पुढच्या तपासणीला जाताना ती वही, बीपी आणि नाडीची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि पहिल्या इकोचा कागद बरोबर न्या. तीन महिन्यांचा इको शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून करा. इएफबरोबर आणखी दोन गोष्टी आवर्जून विचारा. डावा कप्पा किती फुगलाय आणि मायट्रल झडप किती गळतेय. कप्पा फुगत चालला असेल तर इएफ जागच्या जागी असूनही मला काळजी वाटते. पुढच्या भागाच्या अटॅकमध्ये हृदयाच्या टोकाला आत रक्ताची गुठळी बसू शकते, ती आहे का तेही त्याच इकोत बघायला सांगा, कारण असेल तर काही महिने वेगळं औषध लागतं. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी) परवडत असेल तर आत्ता एकदा आणि तेव्हा एकदा करा. एकट्या आकड्यापेक्षा तो खाली येतोय की नाही हे जास्त सांगून जातं. आणि सहा मिनिटं सपाट जागेवर आपल्या वेगाने चालून किती मीटर जातात हे दवाखान्यातच मोजून घ्या. तीनशेच्या खाली असेल तर इएफ कितीही छान दिसला तरी माझ्या वहीत तो रुग्ण जास्त धोक्याच्या पानावर राहतो.